नगराळे साहेबांची पडताळणी

नगराळे साहेब भाजीबाजारात गेले की पिशवी उघडण्याआधी खिशातून वजन काढत. पितळेचं, अर्ध्या किलोचं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. समोर इलेक्ट्रॉनिक काटा असो की जुना तराजू, ते वजन शांतपणे त्यावर ठेवत, आकडा स्थिर होईपर्यंत थांबत आणि मग विचारत, "हं, आता सांग, मेथी कशी देली?" भाजीवाल्या बाया त्यांना ओळखून होत्या. त्यातली एक तर साहेब दिसले की स्वतःच पदरानं काटा पुसायची आणि म्हणायची, "या साहेब, ठेवा तुमचा देव." साहेब रागावत नसत. म्हणत, "देव नाई माय. देवाले कोनी तपासत नाई. याले मी तपासून आनतो."

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सरकारनं त्यांचा अधिकार काढून घेतला, सवय काढून घ्यायची मात्र राहून गेली.

बोरगाव मेघेला आमची घरं लागून आहेत. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर पुस्तकं आपापल्या जागेवर आहेत की नाहीत एवढंच पाहिलं. आमची ओळख कुंपणाच्या भिंतीवरून झाली. मी नवीन राहायला आलो त्याच आठवड्यात साहेब टेप घेऊन दारात उभे राहिले. "तुमची भिंत माह्या बाजूनं सरकली," म्हणाले. मी म्हटलं, मोजून पाहा. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, मग नकाशा आणून पाहिला. भिंत सरकली होती खरी, पण त्यांचीच, आणि माझ्या बाजूला. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "राहू द्या कसं? डोळ्यानं राहू देता येते, टेपीनं नाई." पुढच्या रविवारी मिस्त्री लावून त्यांनी स्वतःची धडधाकट भिंत पाडली आणि दोन बोटं मागे सरकवून पुन्हा बांधली. शशिकलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दिवशी आमच्याकडे ताक मागायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नव्यानं आले म्हनून सांगतो. यायच्यासमोर कोन्त्याच गोष्टीले अंदाजानं हो म्हनू नका."

साहेबांची बरीचशी नोकरी सिंदी रेल्वे या गावच्या आणि आसपासच्या कापूस बाजारांत गेली. भरल्या गाड्या तोलायचा गाडीकाटा तपासायला ते येणार असं कळलं की व्यापारी त्यांच्यासाठी नवी खुर्ची आणि थंडगार लस्सी मांडून ठेवत. साहेब खुर्चीवर बसत नसत. आधी लस्सीचा पेला न्याहाळत आणि मग काट्याकडे वळत. लस्सी घेतल्याचं कुणी पाहिलं नाही. काटा सोडल्याचंही नाही. त्यांच्या निरोप समारंभात व्यापाऱ्यांनी फार भावुक भाषणं केली. इतका प्रामाणिक अधिकारी पुन्हा होणे नाही, असं प्रत्येकानं सांगितलं, आणि ते सांगताना प्रत्येकाचा चेहरा उजळलेला होता. भेट म्हणून दिलेलं भिंतीवरचं घड्याळ साहेबांनी तिथल्या तिथे मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून पाहिलं. ते मागे होतं.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "डोळ्यानं मोजू नये. डोळा आपला नातेवाईक असते, आपल्या बाजूनं बोलते." किंवा, "काटा मानसासारखा राह्यते. कोनी पाहून राह्यलं का सरळ." आणि कुठलीही गोष्ट कुणी ठामपणे सांगितली की हळूच विचारायचे, "शिक्का कुठं हाये याचा?" शिक्का म्हणजे काटा तपासल्यावर त्यावर ठोकतात तो सरकारी ठसा. तो ठरावीक मुदतीचा असतो. मुदत असेपर्यंत तो काटा खरा, पुढे पुन्हा पडताळणी. विहारात बुद्धपौर्णिमेला जेवण असे तेव्हा भात वाढायच्या सगळ्या पळ्या साहेब आदल्या दिवशी पाण्यानं भरून मोजत. त्यामुळे आमच्या विहारात सर्वांना सारखा भात मिळे आणि सगळ्यांना सारखाच उशिरा मिळे.

अशा माणसाचं हृदय बेताल झालं, याला दुसरा कुणी योगायोग म्हणेल. मला ती थट्टा वाटते.

सुरुवात रक्तदाब मोजायच्या यंत्रापासून झाली. साहेबांना मधूनमधून धाप लागे. "छातीत एस.टी. कच्च्या रस्त्यानं चालली," असं ते म्हणत. वहिनींनी आग्रह केला म्हणून त्यांनी घरी यंत्र आणलं. ते दंडाला बांधून पाहिलं तर नाडीचा आकडा एक आला. लगेच पुन्हा पाहिलं तर दुसरा. तिसऱ्यांदा तिसराच. साहेबांनी यंत्र खोक्यात भरलं आणि दुकानात नेऊन परत केलं. दुकानदारानं बदलून दिलं. तेही तसंच. मग त्यांनी दुसऱ्या कंपनीचं आणलं. तेही दर वेळी वेगळं सांगू लागलं. साहेब संतापले. "पूर्ण बाजार खोटा माल विकून राह्यला," म्हणाले. शेवटी त्या दुकानदारानं यंत्र स्वतःच्या दंडाला बांधलं. आकडा तोच तोच येत राहिला. मग तो जरा चाचरत म्हणाला, "साहेब, रागावू नका. मशीन बराबर हाये. तुमी दाखवून घ्या एकदा."

साहेब घरी आले आणि फाटकात उभे राहून मला म्हणाले, "ग्रंथपाल, जिंदगीत पयल्यांदा असं झालं. काटा बराबर निंगाला अन् माल खोटा."

दवाखान्यात वहिनी आणि मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टर होत्या प्रणाली मॅडम, वडनेरच्या शेतकऱ्याची मुलगी, वयानं साहेबांच्या मुलीएवढ्या. त्यांनी छातीचा आलेख काढला. तो हातात धरून त्या म्हणाल्या, "ठोके अनियमित आहेत. हे या कागदावरच कळलं. आता रक्ताची एक तपासणी करू. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं. तो किती आहे यावरून ताणाचा अंदाज येतो." मग त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक ठोके आवरायची. दुसरी दाखवून त्या सावकाश बोलल्या, "ही महत्त्वाची. ठोके असे वेडेवाकडे पडले की हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. त्यानं अर्धांग होतं. तुमचं वय, बीपी, शुगर बघता रक्त पातळ ठेवायची ही गोळी घ्यावीच लागेल. रक्तातला आकडा काहीही येवो."

"आकडा काहीही येवो?" साहेबांनी विचारलं. "मंग मोजता काऊन?"

"ताण किती ते कळायला. धोक्याचा अंदाज पक्का करायला. गोळी थांबवायला नाही."

साहेबांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला ठाऊक होता. सिंदीच्या व्यापाऱ्यांनाही तो ठाऊक होता.

वहिनी 'अर्धांग' शब्दापाशी थांबल्या होत्या. त्यांचे वडील कित्येक वर्षं त्याच दुखण्यानं खाटेवर होते. लग्नाआधी वहिनींनीच त्यांचं सगळं केलं होतं. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "मले पुन्हा ते पाह्याचं नाई." साहेब म्हणाले, "पाहू."

रक्त द्यायला साहेब एका लॅबमध्ये गेले नाहीत, दोन लॅबमध्ये गेले. एकाच काट्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. एक लॅब गावातली जुनी. दुसरी नवी, काचेच्या दाराची, जिथे हृदयाच्या तपासणीबरोबर व्हिटॅमिनची तपासणी सवलतीत आणि एक पाण्याची बाटली फुकट होती. संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट आले. एकात आकडा तीन अंकी, दुसऱ्यात चार अंकी. एकाच माणसाचं, एकाच सकाळचं, एकाच हातातलं रक्त. साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. कित्येक वर्षांनी त्यांना नोकरी परत मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी ते नव्या लॅबच्या काउंटरवर उभे. तिथल्या मुलीला विचारलं, "बाई, मशीनचं पडताळनी प्रमाणपत्र कुठं लावलं?"

"काका, मशीन ऑटोमॅटिक आहे."

"ऑटोमॅटिक म्हंजे? त्याले कोनी विचारत नाई असं?"

"तसं नाही काका. रोज सकाळी कॅलिब्रेशन होते."

"कोन करते?"

"मशीनच करते."

साहेब माझ्याकडे वळले. "ऐकलं काय? आपला पंचनामा आपनच करून राह्यली." मुलीनं त्यांना पाण्याची बाटली दिली. साहेबांनी बाटलीवरचं लेबल वाचलं, आतलं पाणी उजेडात धरून पाहिलं आणि ती परत केली.

जुन्या लॅबमध्ये मालक स्वतः बसत. त्यांनी साहेबांना आदरानं बसवलं आणि नवी लॅब कशी बेभरवशाची आहे ते सांगितलं. नव्या लॅबनंही जुन्या लॅबबद्दल तेच सांगितलं होतं. त्या एका मुद्द्यावर दोघांचे आकडे तंतोतंत जुळत होते.

घरी येऊन साहेबांनी निर्णय दिला. "दोन काटे जुळत नसन तं दोनी बंद. जुळेपावतर मालाची उचल नाई." म्हणजे गोळी सुरू करायची नाही. ठोक्यांची गोळी ते घेत, कारण तिनं धाप कमी होत असल्याचं त्यांना स्वतः मोजता येत होतं. रक्त पातळ करायच्या गोळीचं पाकीट कपाटात तसंच राहिलं. वहिनी रोज ते ताटाजवळ आणून ठेवत आणि जेवण झाल्यावर उचलून ठेवत.

ही बातमी आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत पसरली तेव्हा तिला फार आदरानं घेतलं गेलं. बीपी आणि शुगर आता सगळ्यांनाच होतं, त्यात कुणाला काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. रक्तातून हृदयाचा ताण मोजता येतो हे नवीन होतं. ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांनीही जाऊन रक्त दिलं. निखाडे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचा आकडा इतका कमी आला की ते आठवडाभर नापास झाल्यासारखे हिंडत होते. यात कमी म्हणजे चांगलं असतं, हे कुणीतरी समजावल्यावर ते रस्त्यात भेटेल त्याला आपला आकडा सांगू लागले. कुणी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवला. कुणी उपाशीपोटी लसूण. एकानं सांगितलं की त्याच्या साडभावाचा आकडा याहून मोठा होता आणि तो अजून ट्रॅक्टर चालवतो. तो साडभाऊ पुढे या गटात इतका प्रसिद्ध झाला की कुठल्याही आजारावर त्याचंच उदाहरण निघे. त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनीही, काय आश्चर्य, त्याचा शिक्का विचारला नाही.

वहिनींनी अखेर मला गळ घातली आणि आम्ही साहेबांना पुन्हा दवाखान्यात नेलं. प्रणाली मॅडमनी दोन्ही रिपोर्ट पाहिले. मला वाटलं, आता चिडतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कापूस बाजारात होते ना?"

"हो. सिंदीले."

"कापूस जिनिंगमध्ये गेला की काय होतं?"

"रुई निंगते, सरकी निंगते."

"एकानं रुई तोलली, दुसऱ्यानं सरकी. वजन जुळेल का?"

"कसं जुळन?"

"हृदय सोडतं तो पदार्थ असाच फुटतो. दोन तुकडे होतात. या लॅबनं एक तुकडा मोजला, त्या लॅबनं दुसरा. दोन्ही काटे बरोबर आहेत. नाव वाचा, दोन्ही कागदांवर वेगळं आहे."

साहेबांनी चष्मा लावला आणि नावं वाचली. खरंच वेगळी होती. आयुष्यभर दुसऱ्यांची लेबलं वाचणारा हा माणूस आकड्याच्या नादात डावीकडचा रकाना वाचायचा विसरला होता. त्यांनी दोन्ही कागदांची नीट घडी घातली. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही तवाच सांगाचं होतं." त्यांच्यासारख्या माणसाकडून ही माफी होती. मॅडमनी ती माफी म्हणूनच घेतली. "यापुढे एकच लॅब, एकच मशीन," त्या म्हणाल्या. "तिथला आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, एवढंच ताडून पाहायचं. आणि गोळी आजपासून."

गोळी त्या दिवसापासून सुरू झाली. वहिनींनी विहारात जाऊन दिवा लावला. साहेब रोज ठरल्या वेळी गोळी घेत, दूध मोजून घेत, चालणं मोजून चालत. त्या काळात ते फार प्रसन्न होते. मला म्हणाले, "ग्रंथपाल, पोरगी हुशार हाये. खात्यात असती तं मोठी साहेब झाली असती." साहेबांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकली नाही.

मग काही महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर, पुन्हा तपासणी झाली. आकडा बराच खाली आला होता. ठोके आटोक्यात आल्यामुळे हृदयावरचा ताण कमी झाला होता. मॅडम म्हणाल्या, छान, असंच चालू ठेवा. साहेबांनी यातला 'छान' घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून झाल्यावर आमची मंडळी बसते त्या पुलाच्या कठड्यावर त्यांनी सगळ्यांना जिलेबी दिली. "दुरुस्ती झाली," त्यांनी जाहीर केलं. "फेरपडताळनी झाली. शिक्का पडला. आता वर्षभर याले कोनी हात लावाचा नाई." सगळ्यांनी जिलेबी खाल्ली आणि अभिनंदन केलं. निखाडे गुरुजींनी दोघांचे आकडे मनातल्या मनात ताडून पाहिले. आपला अजूनही कमीच आहे याची खात्री करून त्यांनी आणखी एक जिलेबी घेतली.

शिक्का पडला म्हणजे काय, हे त्या दुपारी कळलं. साहेबांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती. दाढी करताना कापलं की रक्त लवकर थांबत नाही, हे त्यांना बरेच दिवस खटकत होतं. "यंत्र सुधरलं," ते म्हणाले. "सुधरलेल्या यंत्रात कोनी रोज तेल वतते काय?"

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरबाईले तं विचारा."

"विचारीन ना. मुदत संपली का विचारीन."

"तवापावतर?"

"तवापावतर शिक्का हाये."

मीही बोललो. मी म्हटलं, "साहेब, बाईंनी सांगितलं होतं, ही गोळी आकड्यासाठी नाही, गुठळीसाठी आहे. आकडा उतरला म्हणून वय उतरलं का? शुगर गेली का?" ते माझ्याकडे पाहून हसले. "ग्रंथपाल, तुमच्या कपाटात पुस्तक एक साल पडून राह्यलं तं तुमी रोज उघडून पाह्यता काय, अक्षरं हायेत का नाई म्हनून?" या प्रश्नाला उत्तर होतं. पण ते ऐकायला साहेब थांबले नाहीत, जिलेबीचा रिकामा डबा घासायला आत गेले.

वहिनींनी एक उपाय करून पाहिला. गोळी कुटून तुरीच्या वरणात कालवली. साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. वाटी उचलून उजेडात नेली, हलवली, तळाशी बसलेला चुरा पाहिला. रागावले नाहीत. वाटी बाजूला सारून नुसता कोरडा भात खाल्ला आणि दिवसभर वहिनींशी बोलले नाहीत. मापात भेसळ, हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता, आणि तो त्यांच्याच घरात घडला होता. संध्याकाळी वहिनी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुनियाभरच्या तराजूत दांडी मारनारे लोकं यायनं पकडले. अन् मी पकडली गेली गोळी चारताना." त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

हिवाळा सरत आला होता. एका सकाळी नेहमीप्रमाणे मी फिरायला निघालो आणि साहेबांच्या फाटकाशी थांबलो. ते आतून कडी काढत होते. कडी निघेना. मला वाटलं अडकली असेल, मी बाहेरून हात घातला. कडी मोकळी होती. साहेब आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. एखाद्या जुन्या, खात्रीच्या दुकानदाराचा काटा पहिल्यांदा खोटा निघाल्यावर पाहावं तसे. मग त्यांनी मला काहीतरी सांगितलं. शब्द मराठी होते, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. वहिनी ओट्यावर आल्या, त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. "भाऊजी, गाडी बोलवा," त्या म्हणाल्या, आणि फाटक उघडून त्यांनी साहेबांना खांद्याचा आधार दिला.

साहेब वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मॅडमनी वहिनींना एवढंच सांगितलं, की गुठळी होती. का झाली हे वहिनींनी विचारलं नाही आणि मॅडमनी बोलून दाखवलं नाही. दवाखान्यात भेटायला खूप लोक आले. ट्रॅक्टरवाल्या साडभावाचा उल्लेख यावेळी कुणी केला नाही. निखाडे गुरुजी मात्र खरोखर गोंधळले होते. खाटेजवळ उभे राहून त्यांनी वहिनींना विचारलं, "पन ताई, आकडा तं कमी झालता ना?"

"गुरुजी," वहिनी म्हणाल्या, "आकडा घरी कपाटात हाये. चांगला हाये. खाटेवर हे हायेत."

गुरुजी पुढे रोज यायचे. कधी आकड्याचं बोलले नाहीत. साहेबांना पेपर वाचून दाखवत, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

उन्हाळ्याच्या शेवटाला साहेब गेले. छातीत कफ साठला आणि ताप उतरला नाही. विहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बरेच लोक बोलले. प्रामाणिकपणाबद्दल सगळे बोलले आणि ते खरंच होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते भाषणात मावणारं नव्हतं. साहेब मूर्ख नव्हते. मोजता येतं ते सगळं मोजायचं, हे त्यांनी आम्हा सर्वांपेक्षा चोखपणे केलं. पण धोका हा मालासारखा पारड्यात ठेवता येत नाही, तो आधीपासूनच घरात बसलेला असतो आणि त्याला मुदत नसते, हे त्यांच्या खात्यात शिकवलेलं नव्हतं. रक्तातला आकडा हृदयाबद्दल बरंच सांगतो. मात्र त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. उरलेलं माणसानं माणसाचं ऐकायचं असतं. साहेबांना आकड्यांचं ऐकायची सवय होती.

त्यांच्या शेवटच्या महिन्यातली एक दुपार मला राहून राहून दिसते. प्रणाली मॅडम त्यांना बघायला घरी आल्या होत्या. वडनेरला जाता जाता वाटेत थांबल्या असं म्हणाल्या, पण वडनेरची वाट आमच्या गल्लीतून जात नाही. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि मग खाटेच्या काठावर बसून, साहेबांना बरं वाटावं म्हणूनच केवळ, विचारलं, "साहेब, रक्त घेऊ का? त्याच लॅबला पाठवते, त्याच मशीनवर. आकडा बघू."

साहेबांना सगळं समजत असे. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग उशाच्या स्टुलाकडे पाहिलं. तिथे गोळ्यांचं पाकीट होतं. दुखण्यानंतर मॅडमनी पुन्हा सुरू केलेली तीच गोळी. वहिनी ती चार वाजता देत आणि चार वाजत आले होते. साहेबांनी रक्तासाठी डावा हात पुढे केला नाही, चादरीखालीच राहू दिला. तोंड उघडलं आणि तसंच उघडं धरून ठेवलं.

मॅडमनी पाकिटातून गोळी काढली. कोणती आहे, कितीची आहे, कुठल्या कंपनीची आहे, साहेबांनी काही पाहिलं नाही. डोळे मिटले होते. वहिनींनी पाण्याचा चमचा भरला.